जुन्या गाडीचा एसी: हवाच कमी येतेय, तर गॅस कशाला भरायचा?

मार्च सरला की एसीच्या तक्रारी घेऊन गॅरेजपुढे गाड्या उभ्या राहायला लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या असतात. पंधरा वर्षांनी फेरनोंदणी करून आणखी पाच वर्षं हीच गाडी चालवायची, असं ठरवलेली कितीतरी घरं आहेत. इंजिन ठणठणीत असतं, पत्राही बरा असतो, पण मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. मालक सांगतो, "एसी लागत नाही." मेकॅनिक विचारतो, "गॅस कधी भरला होता?" बोलणं बहुतेक वेळा तिथंच संपतं. गॅस भरला जातो, पैसे जातात आणि थोड्याच दिवसांत तीच तक्रार घेऊन गाडी परत येते.

"एसी लागत नाही" या एका वाक्यात दोन निराळे दोष लपलेले असतात. हवा भरपूर येते पण गार नसते, हा एक. हवा गार असते पण पुरेशी येतच नाही, हा दुसरा. दोन्हींची कारणं वेगळी आणि खर्चही वेगळा. हा लेख दुसऱ्या दोषाबद्दल आहे, कारण त्याच्यावर चुकीचा उपाय सर्रास होतो. आणि खरं तर हाच दोष घरी, एकही पाना न लावता, बराचसा ओळखता येतो.

## वारा वेगळा, गारवा वेगळा

विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांत उन्हाळ्यात कूलर लागतो, तो डोळ्यांसमोर आणा. त्यात पंखा वेगळा आणि पाणी चढवणारा पंप वेगळा. पंप बंद पडला तर वारा जोरात येतो, पण गरम. उलट, ताट्या धुळीनं आणि क्षारानं चोंदल्या तर पंप कितीही चांगला असला तरी वारा मंदावतो. तेव्हा टाकीत आणखी पाणी ओतून काही उपयोग होत नाही.

गाडीच्या एसीतही असेच दोन भाग आहेत. गारवा तयार करणारा भाग म्हणजे गॅसचं बंद वर्तुळ. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, रेडिएटरच्या पुढची जाळी, म्हणजे कंडेन्सर, त्याची उष्णता बाहेर टाकते आणि द्रवरूप झालेला गॅस डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये जाऊन उकळतो. उकळताना तो कॉइलमधली उष्णता शोषतो आणि कॉइल गार पडते. गेली वीसेक वर्षं आपल्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. त्याआधीचा आर-१२ ओझोनच्या थराला मारक ठरल्यामुळे हद्दपार झाला.

हवेचा भाग याहून पुष्कळ साधा आहे. डावीकडे, ग्लव्ह बॉक्सच्या मागे ब्लोअर असतो. तो वायपरखालच्या जाळीतून बाहेरची हवा ओढतो किंवा गाडीतलीच हवा फिरवतो. फिल्टर असेल तर त्यातून, मग कूलिंग कॉइलच्या बारीक पापुद्र्यांमधून आणि पुढं हवा वळवणाऱ्या झडपांच्या, म्हणजे फ्लॅपच्या, वळणांवरून ती हवा तुमच्या तोंडावर येते. या वाटेवर गॅसचा संबंध फक्त कॉइलपाशी येतो, आणि तिथंसुद्धा हवा गॅसला कुठंच शिवत नाही. म्हणून हवा कमी झाली तर आधी ही वाट तपासायची.

## तपासणी कान आणि हातानं

गाडी सावलीत उभी करा. एसीचं बटण बंद ठेवून फक्त ब्लोअर लावा. एक, दोन, तीन, चार असे सगळे वेग क्रमानं फिरवा. प्रत्येक वेगाला दोन गोष्टी बघा: ब्लोअरचा आवाज वाढतो का, आणि मधल्या जाळीसमोर धरलेल्या हातावर वारा वाढतो का.

आवाजही वाढत नाही आणि वाराही नाही, तर दोष विजेचा. आवाज घोंघावत वाढतोय पण वारा जागचा हलत नाही, तर वाटेत अडथळा. दोन्ही नीट आहेत, पण एसी लावून लांब गेल्यावर तासाभरात वारा आटतो, तर कॉइलवर बर्फ. आणि आतून आवाज येतोय, हवा वाहतेय असं जाणवतंय, पण ती पायांवर किंवा काचेवर जातेय, तर फ्लॅप. माझ्या मते एवढं ओळखून गॅरेजमध्ये गेलं की अर्धी लढाई जिंकली.

आणखी एक छोटी चाचणी. बाहेरची हवा घेण्याचा खटका आणि आतली हवा फिरवण्याचा खटका आलटून पालटून लावा. आतल्या हवेवर वारा जोरात आणि बाहेरच्या हवेवर क्षीण असेल, तर वायपरखालची जाळी पानांनी भरलेली असण्याचा संभव मोठा. गुलमोहर किंवा चिंचेखाली गाडी लावणाऱ्यांनी हे आधी बघावं, कारण या झाडांची बारीक पानं त्या जाळीतून सहज आत उतरतात.

## आवाजच येत नाही तेव्हा

चार वेगांपैकी पहिले तीन बंद आणि चौथा मात्र जोरात चालू, हा जुन्या गाडीतला अगदी ठरलेला दोष आहे. त्याचं कारण रेझिस्टर. कमी वेगाला वीज या रेझिस्टरमधून अडखळत जाते, म्हणून मोटर हळू फिरते. चौथ्या वेगाला ती रेझिस्टर टाळून थेट मोटरकडे जाते. रेझिस्टर जळला की कमी वेग जातात आणि चौथा उरतो. नव्या रेझिस्टरचा खर्च फार नसतो आणि बऱ्याच गाड्यांत तो ब्लोअरजवळच दोन स्क्रूंवर बसवलेला असतो.

तो काढून हातात घेतलात तर तारेची दोन-तीन वेटोळी दिसतील. हा भाग मुद्दाम वाऱ्याच्या वाटेत बसवतात, कारण तो तापतो आणि वाऱ्यानंच गार राहतो. म्हणून वाट चोंदली की रेझिस्टरही जळतो. नवा बसवूनही काही महिन्यांत परत गेला, तर ब्लोअरची मोटर जड झाली आहे असं समजा. बुश किंवा बेअरिंग झिजलेली मोटर जास्त वीज ओढते आणि तो भार रेझिस्टरवर येतो. त्याच्या वायरचा कनेक्टर जरूर बघा. प्लास्टिक तपकिरी पडलेलं किंवा वितळलेलं असेल तर कनेक्टरही बदलायचा. ब्लोअर पूर्ण वेगात सहज १०-१५ अँपिअर वीज घेतो. अशा जागी सैल जोड ठेवणं म्हणजे डॅशबोर्डखाली आगीला निमंत्रण.

मोटर कधी चालते, कधी नाही, आणि ग्लव्ह बॉक्सखाली हातानं ठोकल्यावर सुरू होते? मग आतले कार्बन ब्रश संपत आलेत. ठोकून चार दिवस निघतील, पण लांबच्या प्रवासाआधी मोटर बदललेली बरी. वाढीव ताकदीची मोटर टाकून वारा वाढवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. जुन्या वायरी, स्विच आणि फ्यूज त्या भारासाठी बनवलेले नसतात.

## आवाज मोठा, वारा नाही

इथं पहिला संशयित म्हणजे केबिन फिल्टर. ग्लव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू दाबून तो खाली सोडला की बऱ्याच गाड्यांत मागं फिल्टरचं झाकण दिसतं. कागदी फिल्टर धुऊ नये. ओला झाला की तो फुगतो आणि वास धरतो. वरवर झटकून थोडा फरक पडतो, पण नवा बसवणंच योग्य. बसवताना कडेवरचा बाण हवेच्या दिशेनं ठेवायचा. साधारण १०,००० किलोमीटरनंतर तो तपासावा, आणि मातीच्या रस्त्यावर रोजची ये-जा असेल तर त्याहून लवकर.

पण जुन्या छोट्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत फिल्टर नसतोच, आणि खरी गंमत तिथं आहे. फिल्टरनं अडवायची ती सगळी धूळ थेट कूलिंग कॉइलवर जाते. एसी चालू असताना कॉइल ओली असते, त्यामुळे धूळ तिला चिकटते. वर्षानुवर्षं तिथं धूळ, केस, सीट कव्हरचे धागे आणि पानांचा चुरा यांचा थर बसत जातो. बाहेर काढलेल्या कॉइलवर तो घोंगडीच्या तुकड्यासारखा दिसतो, आणि कडेला नखानं धरून ओढला तर अख्खा सोलून निघतो. कॉइलची दुसरी बाजू मात्र स्वच्छ असते. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण मळ नेहमी ब्लोअरकडच्या बाजूला साचतो. समोरच्या जाळीतून बॅटरी मारून "कॉइल तर चकचकीत आहे" असं कुणी म्हणालं, तर ते तपासणं चुकीच्या बाजूनं झालंय.

ब्लोअरच्या पिंजऱ्यासारख्या पंख्याकडेही बघायला हवं. त्याच्या प्रत्येक पात्याच्या खोबणीत धूळ भरली की तो तितक्याच वेगानं फिरूनही कमी हवा ढकलतो. पावसाळ्यात बंद उभ्या राहिलेल्या गाड्यांत उंदरांनी तिथं कापूस आणि कागदाचं घरटं केलेलं सापडतं. वास येत असेल आणि ब्लोअर खडखडत असेल, तर तो लावून बघत बसू नका. आधी उघडून घ्या.

## तासाभरानं वारा आटतो तेव्हा

हा दोष सर्वांत फसवा आहे, म्हणून याला जास्त जागा देतो.

ओळखीतल्या एका काकांची जुनी हॅचबॅक. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना हातखंबा, पाली, नाणीजपर्यंत एसी झकास. साखरपा मागं पडलं की वारा कमी कमी होत आंबा घाटात नुसती झुळूक उरायची. ब्लोअर चारवर घोंघावतोय आणि जाळीतून काहीच नाही. वर आंब्याला चहासाठी थांबायचं, गाडीखाली पाण्याचं चांगलं थारोळं साचायचं, आणि निघाल्यावर वारा पुन्हा पूर्ववत. गावातल्या फेऱ्यांत कधीच त्रास नाही. दोन ठिकाणी दाखवली आणि दोन्हीकडे गॅसच भरला गेला.

घडत होतं असं. कॉइलवरून दमट हवा गेली की तिच्यातली वाफ पाणी होऊन कॉइलवर जमते आणि नळीतून खाली गळते. हे पाणी गळायलाच हवं, ती चांगली खूण आहे. पण कॉइलचं तापमान शून्याच्या खाली गेलं की तेच पाणी पापुद्र्यांमध्ये गोठतं. पापुद्र्यांमधल्या फटी मुळात एक-दोन मिलिमीटरच्या, त्यामुळे बर्फाची भिंत व्हायला वेळ लागत नाही. हवेला जायला जागाच राहत नाही. एसी बंद केला की बर्फ वितळतो आणि वाट मोकळी होते. चहाच्या थांब्यावर दिसणारं थारोळं म्हणजे तो वितळलेला बर्फ.

हे होऊ नये म्हणून कॉइलच्या पापुद्र्यांत तापमान मोजणारी एक बारीक कांडी खोचलेली असते. कॉइल शून्याच्या जवळ आली की ती कॉम्प्रेसरला थांबवते. "टक्" असा आवाज येतो, इंजिन क्षणभर हलकं होतं, आणि थोड्या वेळानं कॉम्प्रेसर पुन्हा लागतो. काकांच्या गाडीत आदल्या वर्षी कॉइल साफ करताना ती कांडी परत जागेवर न बसता बाहेरच लोंबकळत राहिली होती. तिला कॉइलचा गारठा कळतच नव्हता, आणि कॉम्प्रेसर अखंड चालत होता. कांडी जागेवर खोचली, काम संपलं.

मग गावात हा दोष का दिसत नव्हता? कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. हायवेला इंजिन वेगात, म्हणून कॉम्प्रेसरही वेगात आणि सलग. शिवाय कोकणातली दमट हवा गोठायला भरपूर पाणी पुरवते. गॅरेजमध्ये गाडी पाच मिनिटं उभ्यानं चालवून बघितली तर बर्फ तयार व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून असा दोष असेल तर मेकॅनिकला शब्दांत नीट सांगा: किती वेळानं होतं, कुठल्या रस्त्याला होतं, थांबल्यावर किती वेळात बरं होतं. रात्री गाडी पूर्ण गार झाल्यावरही कॉम्प्रेसर एकदासुद्धा कट होत नसेल, तर तेही सांगा.

वाटेत असं झालं तर एसीचं बटण बंद करा, ब्लोअर मात्र चालू ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच जा. वारा परतला की बर्फच होता हे पक्कं.

बर्फाची आणखी दोन कारणं आहेत. पहिलं, फिल्टर किंवा कॉइल चोंदणं. कॉइलवरून पुरेशी उबदार हवाच गेली नाही की ती गरजेपेक्षा गार होते आणि गोठते, मग हवा आणखी कमी होते. आणि दुसरं, गॅस थोडासा कमी असणं.

## "पण गॅस भरल्यावर वारा वाढला होता!"

हे म्हणणं खोटं नसतं. गॅस कमी झाल्यावर कॉइलमधला दाब उतरतो, आणि दाब उतरला की गॅस आणखी खालच्या तापमानाला उकळतो. आर-१३४एच्या बाबतीत दाब मोजणाऱ्या गेजवर २८ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) आसपास कॉइलमध्ये ० अंश सेल्सिअस, आणि १५ च्या आसपास उतरलं की जवळपास उणे १० अंश. म्हणजे गॅस थोडा कमी असला की कॉइलचा काही भाग गोठू शकतो. तेव्हा गॅस पूर्ण केल्यानं वारा खरोखर सुधारतो. गॅस फारच कमी असेल तर बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर लागतच नाही. मग वारा भरपूर येतो, पण गरम.

पण दुसरी शक्यता जास्त वेळा खरी ठरते. गॅस भरायला तास-दीड तास गाडी उभी होती. तेवढ्यात बर्फ वितळला. गाडी बाहेर काढली तेव्हा वारा छान येत होता, आणि श्रेय गॅसला मिळालं. पुढच्या लांबच्या प्रवासात खरं काय ते कळतं.

## "दरवर्षी गॅस भरावाच लागतो ना?"

गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद वर्तुळात फिरत राहतो. जुन्या गाडीत रबरी पाइप आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून काही वर्षांत थोडाफार झिरपतो, एवढं मान्य. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. तो गॅसही निरुपद्रवी नाही. वातावरण तापवण्यात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा तो हजार पटींहून जास्त प्रभावी आहे. गळती असेल तिथं पाइपच्या जोडावर बहुतेकदा तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं, त्याचा तो डाग.

आणि अंदाजानं जास्त गॅस भरला तर गारवा वाढत नाही, उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. बोनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम गॅस लागतो ते लिहिलेलं असतं. आधी व्हॅक्यूम मारून, म्हणजे पाइपांमधली हवा आणि ओल मशीननं खेचून, मग वजन करून तेवढाच भरणारा मेकॅनिक शोधा.

## हवा निघते, पण भलतीकडे जाते

तोंडावर, पायांवर, काचेवर हवा वळवणारे फ्लॅप जुन्या गाड्यांत नॉबला जोडलेल्या केबलनं फिरतात. केबल क्लिपमधून निसटली की नॉब हातात हलका फिरतो आणि हवा आहे तिथंच राहते. ग्लव्ह बॉक्स काढून आत बघितलं तर बहुतेक वेळा लोंबणारी केबल दिसते.

फ्लॅपच्या कडांना हवाबंद बसावं म्हणून फोम लावलेला असतो. उन्हात वर्षानुवर्षं राहून तो कुजतो आणि त्याचे काळे चुरे जाळीतून बाहेर उडायला लागतात. असे चुरे सीटवर दिसले तर समजा की फ्लॅप आता घट्ट बसत नाहीत आणि थोडी हवा काचेकडे, थोडी पायांकडे फुटतेय. हीटरकडचा फ्लॅपही याच कारणानं उघडा राहतो, मग गार हवेत गरम हवा मिसळते आणि लोक पुन्हा गॅसकडे वळतात.

अजून एक, सहसा कुणी न तपासलेली जागा: हवा बाहेर पडण्याची वाट. बाहेरची हवा आत घेत असाल तर आतली कुठून तरी बाहेर जायला हवी. त्यासाठी मागच्या बाजूला, बहुधा बंपरच्या आड, रबरी झडपा असतात. मागच्या ठोकरीनंतर पत्राकामात त्या बुजवल्या गेल्या तर सगळ्या काचा बंद असताना वारा दबतो. काच दोन बोटं खाली केल्याबरोबर वारा वाढला, तर या झडपा बघून घ्या.

## "डॅशबोर्ड खोलायला मन होत नाही"

ही भीती योग्य आहे. जुन्या गाडीचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, क्लिपा तुटतात आणि नंतर प्रत्येक खड्ड्याला डॅशबोर्ड वाजतो. पण प्रत्येक गाडीत एवढं करावं लागत नाही. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत ब्लोअर, कूलिंग कॉइल आणि हीटर अशा तीन पेट्या डॅशबोर्डखाली ओळीनं बसवलेल्या असतात. ग्लव्ह बॉक्स काढला की कॉइलच्या पेटीपर्यंत हात जातो. कॉइल बाहेर काढायची तर गॅस मशीनमध्ये काढून घ्यावा लागतो, आणि पाइप सोडवल्यावर जोडांवरच्या सगळ्या ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, नव्या लागतात. दाबाखालचा पाइप घरी सोडवायचा प्रयत्न कधीही करू नका. बाहेर उसळणारा गॅस कातडी आणि डोळे गोठवतो.

थर पातळ असेल तर ब्लोअर किंवा रेझिस्टर काढून त्या भोकातून फेसाचा क्लीनर मारून भागतं. घोंगडीसारखा थर मात्र फेसानं जात नाही. तो ओला होऊन आणखी आत दबतो, आणि सुटलेले तुकडे पाण्याच्या नळीत अडकतात. मग पाणी डावीकडच्या पायाखालच्या मॅटमध्ये उतरतं आणि वळणावर आतून डचमळल्याचा आवाज येतो. अशा वेळी कॉइल बाहेर काढूनच धुवावी, आणि तीही हलक्या धारेनं. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्यानं पापुद्रे आडवे होतात आणि धुऊनही वाट बंदच राहते.

कॉइल एकदा बाहेर काढलीच तर त्याच खेपेला ब्लोअरचा पंखा धुऊन घ्या, कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह बदलायचा का ते विचारा, आणि तुमच्या गाडीत फिल्टरची खाच आहे पण फिल्टर नाही असं निघालं तर तो लगेच बसवा. पेटी बंद करण्याआधी तापमानाची कांडी पूर्वी होती त्याच जागी खोचली आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, जमलं तर खोलतानाच मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा.